विश्लेषण : व्हिडीओ एडिटिंगचे सॉफ्टवेअर अपग्रेड करावे की थांबावे?

नवी आवृत्ती आली म्हणून ती घेतलीच पाहिजे असे नाही आणि जुनी चालते आहे म्हणून ती कायम चालत राहील असेही नाही. लग्नाचे व्हिडीओ करणारा स्टुडिओ असो वा यूट्यूब चॅनेल, पैसे आणि हातातले काम पणाला लावण्याआधी काय तपासून पाहावे?

लग्नसराई भरात असते, तीन-चार लग्नांचे फुटेज हार्डडिस्कवर पडून असते आणि संगणकाच्या कोपऱ्यात सूचना झळकते, ‘नवी आवृत्ती उपलब्ध आहे’. तालुक्याच्या गावातले फोटो स्टुडिओ, पुण्या-मुंबईत फ्रीलान्स एडिटिंग करणारे तरुण, पाककृतींचे किंवा शेतीविषयक यूट्यूब चॅनेल चालवणारे, अशा सर्वांपुढे हा प्रश्न वर्षातून एकदा तरी येतोच. ‘विंडोज १०’चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हापासून तो अधिकच टोकदार झाला आहे. नवे कॅमेरे, एआयच्या सुविधा आणि दरमहा भाड्याने मिळणारी सॉफ्टवेअर यांनी त्यात भर घातली आहे.

या गर्दीत निर्णय बहुतेक वेळा जाहिरात पाहून किंवा शेजारच्या स्टुडिओने घेतले म्हणून होतो. तो व्हायला हवा कामात नेमके कुठे अडते ते पाहून. जिथे काही अडत नाही तिथे अपग्रेड हा निव्वळ खर्च आणि धोका आहे. जिथे अडते तिथेही दोष दर वेळी सॉफ्टवेअरचाच असतो असे नाही.

अपडेट आणि अपग्रेड यांत फरक काय?

दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात, पण निर्णयाच्या दृष्टीने ते वेगळे आहेत. आवृत्तीच्या मुख्य आकड्यानंतरचा छोटा आकडा बदलतो, ते अपडेट. त्यात बहुतेक वेळा चुका दुरुस्त केलेल्या असतात, एखाद्या नव्या कॅमेऱ्याच्या फाइल वाचण्याची सोय आलेली असते. मुख्य आकडा बदलतो, म्हणजे १९ वरून २०, ते अपग्रेड. त्यात काम करण्याची पद्धत, मेन्यूंची जागा आणि मुख्य म्हणजे प्रोजेक्ट फाइलची रचना बदलू शकते.

पहिले सहसा लावून घ्यावे. दुसऱ्याबाबत घाई करू नये. मोठ्या आवृत्तीच्या पहिल्याच प्रतीत राहून गेलेले दोष पुढच्या एक-दोन छोट्या अपडेटमध्ये दुरुस्त होत जातात. नव्या आवृत्तीची चाचणी स्वतःच्या गिऱ्हाइकाच्या लग्नावर घेण्याचे कारण नाही.

दरमहा किंवा वर्षाचे पैसे भरून सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांची इथे फसगत होते. त्यांना नवी आवृत्ती वेगळे पैसे न देता मिळते. त्यामुळे ‘फुकटच तर आहे’ म्हणून बटण दाबले जाते. पैसे आधीच भरलेले असले, तरी काम बंद पडण्याचा धोका तेवढाच असतो.

जुन्या सॉफ्टवेअरवर चांगले काम होऊ शकते का?

होऊ शकते, आणि त्याचे उदाहरण थेट ऑस्करपर्यंत गेलेले आहे. बोंग जून-हो यांच्या ‘पॅरासाइट’ या दक्षिण कोरियाच्या चित्रपटाला २०१९ मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. २०२० मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर मिळाले आणि संकलनासाठीही त्याला नामांकन होते. संकलक यांग जिन-मो यांनी हा चित्रपट ‘फायनल कट प्रो ७’ या सॉफ्टवेअरवर संकलित केला. ते बाजारात आले होते २००९ मध्ये आणि अ‍ॅपलने ते बंद केले २०११ मध्ये. म्हणजे आठ वर्षांपूर्वी दुकानातून गेलेल्या सॉफ्टवेअरवर हे काम झाले. कुठला शॉट कुठे तोडायचा हे संकलकाला कळत होते आणि त्याचा हात त्या सॉफ्टवेअरवर बसलेला होता.

याची दुसरी बाजूही पाहायला हवी. ‘फायनल कट प्रो ७’ हे २०१७ मध्ये आलेल्या ‘मॅकओएस हाय सिएरा’पासून चालेनासे झाले. त्यावर काम करायचे तर जुना मॅक आणि त्यातली जुनी कार्यप्रणाली तशीच जपून ठेवावी लागते. तो संगणक बिघडला तर त्याच्या जागी दुकानातून नवा आणून काम सुरू करता येत नाही. जुने सॉफ्टवेअर चालते ते त्याच्याभोवतीची सगळी जुनी व्यवस्था चालते तोवरच. स्टुडिओत जुना संगणक जपण्याची तयारी असेल तर थांबणे शहाणपणाचे आहे. पण तो संगणक आज ना उद्या बंद पडणार हे धरूनच थांबायला हवे.

अडते ते सॉफ्टवेअर की संगणक?

‘टाइमलाइनवर व्हिडीओ अडकतो, आता नवे सॉफ्टवेअर घ्यायलाच हवे’ असे एडिटिंग करणाऱ्यांकडून नेहमी ऐकू येते. अनेकदा त्याचे मूळ फुटेजच्या फाइलमध्ये असते.

कॅमेरा किंवा मोबाइल व्हिडीओ आवळून साठवतो. एच. २६४ आणि एच. २६५ या पद्धतींत प्रत्येक चित्र पूर्ण साठवले जात नाही. अधूनमधून एक पूर्ण चित्र असते आणि मधल्या चित्रांत काय बदलले एवढीच नोंद असते. त्यामुळे फाइल लहान होते, पण टाइमलाइनवर मागेपुढे जाताना संगणकाला मधली चित्रे पुन्हा पुन्हा जुळवावी लागतात. आयफोनमध्ये एच. २६५ आले २०१७ मध्ये. २०२० मध्ये आलेल्या सोनी ए७एस थ्री, कॅनन आर५ अशा कॅमेऱ्यांत १०-बिट ४:२:२ रेकॉर्डिंगची सोय होती. त्यात रंगांची माहिती जास्त असते, त्यामुळे शालूचा किंवा हळदीचा रंग नंतर सुधारायला वाव मिळतो.

पण अशा फाइल उलगडणारी खास सोय अनेक ग्राफिक्स कार्डांत नव्हती. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अंतर्गत ग्राफिक्समध्ये एच. २६५ च्या या फाइलसाठी ती आहे. एनव्हिडियाच्या कार्डांत ती २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेपासून मिळू लागली. म्हणजे त्याआधीचे महागडे कार्ड घेऊनही हेच फुटेज अडकू शकते आणि मध्यम किमतीच्या संगणकावर ते सुरळीत चालू शकते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असते त्यात अंतर्गत ग्राफिक्स नसते, हेही संगणक जुळवून घेताना पाहायला हवे.

यावर बिनखर्चाचा उपाय म्हणजे प्रॉक्सी. मूळ फुटेजच्या हलक्या प्रती करायच्या, त्यांवर एडिटिंग करायचे आणि एक्स्पोर्टच्या वेळी सॉफ्टवेअरने मूळ फाइल वापरायच्या. ‘प्रीमियर प्रो’मध्ये ही सोय २०१६ पासून आहे, ‘दा विंची रिझॉल्व्ह’ आणि ‘फायनल कट प्रो’मध्येही आहे. रात्री प्रॉक्सी तयार करायला लावून सकाळी कामाला बसता येते. त्यानेही अडत असेल तर फुटेज जुन्या फिरत्या हार्डडिस्कवरून थेट वाचले जाते आहे का हे पाहावे. चालू कामापुरते ते एसएसडीवर घेणे हा संपूर्ण अपग्रेडपेक्षा स्वस्त उपाय आहे.

परतीचा रस्ता का नसतो?

अपग्रेडमधला सर्वात मोठा धोका पैशांचा नाही, प्रोजेक्ट फाइलचा आहे. नव्या ‘प्रीमियर प्रो’मध्ये उघडून सेव्ह केलेले प्रोजेक्ट जुन्या आवृत्तीत उघडत नाही. ‘रिझॉल्व्ह’मध्ये प्रोजेक्ट एका डेटाबेसमध्ये असतात. मोठ्या आवृत्तीसाठी तो डेटाबेस अपग्रेड केला की जुन्या आवृत्तीला तो वाचता येत नाही. ‘फायनल कट प्रो’च्या लायब्ररीचेही तसेच. त्यामुळे या कंपन्याच आधी बॅकअप घ्यायला सांगतात. ती सूचना न वाचता ‘ओके’ करणारे मात्र पुष्कळ असतात.

एकट्याने काम करणाऱ्याला याची झळ कदाचित बसणार नाही. पण लग्नाच्या व्यवसायात काम वाटून होते. शूटिंग एकाचे, ट्रॅडिशनल व्हिडीओचे मिक्सिंग दुसऱ्याकडे, हायलाइट तिसऱ्याकडे. त्यातल्या एकाने अपग्रेड केले आणि प्रोजेक्ट परत पाठवले, की बाकीच्यांचे काम थांबते. म्हणून ज्यांच्याशी फाइलची देवाणघेवाण आहे त्यांच्याशी ठरवूनच आवृत्ती बदलावी.

प्लगइनचेही तेच. आपल्याकडे लग्नाच्या व्हिडीओसाठी ‘एडियस’ हे सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे वापरले जाते आणि त्याचे गाण्यांवर बसवलेले तयार प्रोजेक्ट बाजारात मिळतात. ते ठरावीक आवृत्ती आणि ठरावीक प्लगइन धरून केलेले असतात. सॉफ्टवेअर पुढे गेले आणि प्लगइन मागे राहिले, तर पैसे देऊन जमवलेला हा साठा एका दिवसात निरुपयोगी होऊ शकतो.

अपग्रेड अंगाशी कसे येऊ शकते याचा धडा अ‍ॅपलने २०११ मध्ये घालून दिला. २१ जून २०११ रोजी ‘फायनल कट प्रो एक्स’ आले. ते वेगवान होते, स्वस्त होते. पण त्यात ‘फायनल कट प्रो ७’ची जुनी प्रोजेक्ट उघडत नव्हती आणि अनेक कॅमेऱ्यांचे चित्रण एकत्र कापण्याची, म्हणजे मल्टिकॅमची सोयही नव्हती. व्यावसायिक संकलकांत मोठा असंतोष पसरला, काहींना अ‍ॅपलने पैसे परत केले. मल्टिकॅम परत आले जानेवारी २०१२ मध्ये. दरम्यान अनेक जण कायमचे दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे गेले. तेच ‘फायनल कट प्रो’ पुढे सुधारले आणि आज ते समाधानाने वापरणारे पुष्कळ आहेत. पहिल्याच दिवशी उडी मारणाऱ्यांना मात्र त्याची किंमत मोजावी लागली.

भाड्याने घ्यावे की विकत?

अ‍ॅडोबीने मे २०१३ मध्ये जाहीर केले की यापुढे नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर मिळतील. २०१२ मधील ‘क्रिएटिव्ह सूट ६’ ही एकदाच पैसे देऊन मिळणारी शेवटची मालिका ठरली. त्यानंतर अपग्रेडच्या निर्णयाचे स्वरूपच बदलले. आधी ‘नवी आवृत्ती घ्यायची का’ असा प्रश्न होता, आता ‘पैसे भरत राहायचे का’ असा आहे. वर्गणी थांबली की सॉफ्टवेअर बंद होते आणि जुनी प्रोजेक्ट उघडायलाही पुन्हा पैसे भरावे लागतात.

जुन्या आवृत्तीवर थांबण्याचे स्वातंत्र्यही वर्गणीत मर्यादित असते. मे २०१९ मध्ये अ‍ॅडोबीने आपल्या सॉफ्टवेअरच्या काही जुन्या आवृत्त्या वापरण्याचा परवाना आता राहिलेला नाही, असे ग्राहकांना कळवले होते. वार्षिक करार पण हप्ता दरमहा, अशा योजनेतून मध्येच बाहेर पडताना लागणारे शुल्क ग्राहकांना नीट सांगितले जात नाही, असा आरोप ठेवून अमेरिकी सरकारने जून २०२४ मध्ये अ‍ॅडोबीवर दावा दाखल केला. कंपनीने आरोप नाकारले. तरी ‘दरमहा’ असे लिहिलेली योजना खरोखर महिन्याची आहे की वर्षाची, हे वाचूनच कार्डाचा नंबर द्यावा, एवढा बोध त्यातून नक्की घेता येतो.

दुसरीकडे ‘ब्लॅकमॅजिक डिझाइन’ या ऑस्ट्रेलियन कंपनीचे ‘दा विंची रिझॉल्व्ह’ फुकट मिळते. त्याची ‘स्टुडिओ’ ही आवृत्ती एकदाच पैसे देऊन घेता येते. तिची अमेरिकेतील किंमत २९५ डॉलर आहे आणि पुढच्या मोठ्या आवृत्त्यांसाठीही कंपनीने आजवर वेगळे पैसे घेतलेले नाहीत. फुकट आवृत्तीतून ३८४० बाय २१६० पर्यंतचा व्हिडीओ बाहेर काढता येतो. अंधारातल्या चित्रणाचे दाणे कमी करणारी सुविधा मात्र ‘स्टुडिओ’मध्येच आहे. रात्रीच्या वरातीचे आणि हॉलमधल्या रिसेप्शनचे चित्रण नेहमी करणाऱ्याला हा फरक लगेच जाणवेल. दिवसाच्या उजेडात मुलाखती करणाऱ्या यूट्यूबरला तो कदाचित कधीच जाणवणार नाही.

याचा अर्थ वर्गणी वाईटच असा नाही. ‘आफ्टर इफेक्ट्स’ आणि ‘फोटोशॉप’ रोज लागत असेल, वर्षभर काम सुरू असेल तर वर्गणीचा खर्च निघतो. वर्षातले पाच महिनेच काम असणाऱ्या स्टुडिओने मात्र बारा महिन्यांची वर्गणी आणि एकदाची खरेदी यांचा तीन वर्षांचा हिशेब कागदावर मांडावा. वर्गणी महिन्यापुरती पाहिली की कमी वाटते, तीन वर्षांची बेरीज केल्यावर तिचे खरे वजन कळते.

मग अपग्रेड कधी करावेच?

चार परिस्थितींत थांबणे महाग पडते. पहिली, नव्या कॅमेऱ्याच्या फाइल जुने सॉफ्टवेअर उघडतच नसेल. प्रत्येक फाइल आधी दुसऱ्या रूपात बदलून घेण्यात तासन्‌तास जात असतील, तर तो वेळ अपग्रेडपेक्षा महाग आहे.

दुसरी, ज्यांच्याकडून काम येते ते नव्या आवृत्तीवर गेले असतील. वाहिनी, जाहिरात संस्था किंवा मोठा स्टुडिओ प्रोजेक्ट फाइलच मागत असेल तर पर्याय उरत नाही.

तिसरी, संगणकाची कार्यप्रणालीच मागे पडली असेल. ‘विंडोज ११’साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर चालतात. त्याआधीच्या संगणकावर बँकेचे व्यवहार, जीएसटीचे काम आणि एडिटिंग असे सगळे होत असेल, तर ते सुरक्षित नाही. संगणक बदलणे शक्य नसेल तर तो फक्त एडिटिंगला ठेवावा आणि बाकीची कामे दुसरीकडे करावीत.

चौथी खास मराठीची आहे, ती म्हणजे देवनागरी अक्षरे. जुन्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मराठी टाइप केले की वेलांटी भलतीकडे जायची, जोडाक्षरे फुटायची. म्हणून ‘श्री-लिपि’सारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये मजकूर टाइप करायचा किंवा नावे फोटोशॉपमध्ये करून चित्र म्हणून आणायची, अशी सवय अनेकांना लागली. आता ‘प्रीमियर प्रो’च्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचे टेक्स्ट इंजिन निवडले की मराठी नीट उमटते. उपशीर्षके, मुलाखतीतील नावे, पत्रिकेतला मजकूर असे मराठीत रोज लिहिणाऱ्याला यासाठी अपग्रेड करणे योग्य आहे. पण जुनी प्रोजेक्ट नव्या संगणकावर नेताना तो जुना फाँट सोबत नेला नाही, तर ‘चि.’ आणि ‘सौ. कां.’च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

एआयच्या सुविधांसाठी पैसे मोजावेत का?

सध्या अपग्रेडची जाहिरात बहुतांशी एआयभोवती आहे. बोललेल्या मजकुराची आपोआप संहिता तयार करणे आणि ती संहिता कापली की व्हिडीओही कापला जाणे, ही सोय ‘प्रीमियर प्रो’मध्ये २०२३ मध्ये आली. शॉट थोडा कमी पडला तर पुढची चित्रे यंत्राने तयार करण्याची सोय २०२५ मध्ये आली. लांब मुलाखती, पॉडकास्ट किंवा भाषणे कापणाऱ्यासाठी पहिली सोय खरोखर उपयोगाची आहे. आवाजातला पंख्याचा किंवा रस्त्याचा गोंगाट कमी करणारी साधनेही वेळ वाचवतात.

पण जाहिरातीतला नमुना इंग्रजीत, शांत खोलीत बोललेला असतो. विदर्भातल्या शेतकऱ्याची बांधावर घेतलेली मुलाखत किंवा मालवणीतल्या गप्पा त्याच सफाईने टिपल्या जातील असे गृहीत धरू नये. चाचणीच्या मुदतीत स्वतःचेच फुटेज टाकून पाहावे आणि दुरुस्त्यांना किती वेळ लागला तो मोजावा. काही एआय सुविधा इंटरनेटवर चालतात आणि त्यांना मर्यादित क्रेडिट असतात. त्यांचा खर्च वर्गणीच्या वर मोजावा लागू शकतो. आणि मुंज-लग्नाच्या चित्रणात यंत्राने बनवलेली चित्रे घालायची का, हे यजमानांना विचारल्याशिवाय ठरवू नये. त्यांना आठवण हवी असते, ती घडलेलीच असायला हवी.

क्रॅक केलेली नवी आवृत्ती घेतली तर?

हा प्रश्न उघडपणे विचारला जात नाही, पण अनेक ठिकाणी अपग्रेड याच मार्गाने होते. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ ब नुसार सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहारात हा सौदा वाईट आहे. क्रॅक चालवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगितले जाते आणि नेमक्या त्याच संगणकावर गिऱ्हाइकांची लग्ने साठवलेली असतात. फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस शिरला तर सप्तपदी पुन्हा चित्रित करता येत नाही. चांगले सॉफ्टवेअर फुकट किंवा एकदाच्या किमतीत मिळत असताना ही जोखीम घेण्याचे समर्थन उरत नाही.

मोबाइलवर एडिटिंग करणाऱ्यांचे काय?

रील्स आणि शॉर्ट्स करणाऱ्या अनेकांचे सगळे एडिटिंग फोनवरच होते. तिथे अ‍ॅप बहुधा आपोआप अपडेट होते आणि जुन्या आवृत्तीकडे परतणे सोपे नसते. त्यामुळे मोठे काम सुरू असताना त्या अ‍ॅपचे ऑटो-अपडेट बंद ठेवावे. पैसे भरण्याआधी नेमके काय हवे आहे ते पाहावे. फक्त वॉटरमार्क काढायचा असेल तर तो न टाकणारी फुकट अ‍ॅपही आहेत.

अ‍ॅप हातातून जाऊही शकते. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ अ‍ॅपमध्ये ‘टिकटॉक’बरोबर ‘व्हिवाव्हिडीओ’ हे एडिटिंगचे अ‍ॅपही होते. ज्यांनी तयार व्हिडीओ आणि मूळ फुटेज अ‍ॅपबाहेर जपले होते त्यांचे काम टिकले. अ‍ॅप कुठलेही असो, मूळ चित्रण वेगळे साठवण्याला पर्याय नाही.

अपग्रेड कधी आणि कसे करावे?

महाराष्ट्रातल्या लग्नाच्या व्यवसायाला कॅलेंडरनेच याचे उत्तर दिले आहे. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की ओसरतात. सॉफ्टवेअर, संगणक, प्लगइन यांतले काहीही बदलायचे असेल तर ते आषाढ-श्रावणात बदलावे, म्हणजे गणपतीच्या कामांपर्यंत हात बसतो आणि दिवाळीनंतरच्या लग्नांत शिकण्याची वेळ येत नाही. सीझन सुरू असताना आलेली मोठी आवृत्ती, ती कितीही मोहक असो, तशीच पडू द्यावी.

करताना क्रम असा असावा. हातातली सर्व प्रोजेक्ट पूर्ण करून गिऱ्हाइकांना द्यावीत. प्रोजेक्ट फाइल, डेटाबेस, फाँट, प्लगइनचे परवाने आणि प्रीसेट यांचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्यावा. नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी बसवता येत असेल तर तशी बसवावी आणि बसवताना जुनी आवृत्ती काढून टाकण्याचा पर्याय निवडला गेलेला नाही ना, हे पाहावे. मग एका जुन्या, देऊन झालेल्या लग्नाच्या प्रोजेक्टची प्रत नव्या आवृत्तीत उघडावी. फाँट, रंग, आवाज, मल्टिकॅम सगळे जागेवर आहे का ते पाहून एकदा शेवटपर्यंत एक्स्पोर्ट करावे. तो व्हिडीओ पेनड्राइव्हवरून साध्या टीव्हीवर चालतो का हेही पाहावे, कारण गिऱ्हाईक तो तिथेच पाहणार असते.

फायदा मोजताना वेळेचा हिशेब प्रामाणिक हवा. समजा, वर्षाला ३० लग्ने आहेत आणि नव्या आवृत्तीमुळे प्रत्येक एक्स्पोर्ट २० मिनिटांनी लवकर होतो. वर्षाचे दहा तास वाचले. पण एक्स्पोर्ट रात्री लावून घरी जाण्याची पद्धत असेल, तर हे दहा तास माणसाचे नव्हतेच. याउलट आवाज स्वच्छ करण्यात प्रत्येक लग्नामागे दोन तास वाचत असतील, तर वर्षाचे ६० तास वाचतात आणि ते माणसाने खुर्चीत बसून घालवलेले असतात. त्यातून नवे शिकण्यात गेलेला वेळ वजा करावा. उरलेल्या तासांची मजुरी अपग्रेडच्या खर्चापेक्षा जास्त असेल तर खुशाल पैसे भरावेत.

अंतिम निर्णय कसा घ्यावा?

पंधरा दिवस काम करताना जिथे जिथे अडले ते वहीत लिहून काढावे. महिनाअखेर त्या यादीसमोर नव्या आवृत्तीची वैशिष्ट्ये ठेवावीत. यादीतल्या तीन मोठ्या अडचणींपैकी दोन तरी तिने सुटणार असतील आणि हे स्वतःच्या फुटेजवर तपासलेले असेल, तर अपग्रेड करावे. अडचणी फुटेजच्या, डिस्कच्या किंवा संगणकाच्या असतील तर पैसे तिथे घालावेत. यादी रिकामीच राहिली तर आहे ते सॉफ्टवेअर पुरेसे आहे.

लहान स्टुडिओची वर्षभराची कमाई काही महिन्यांच्या कामावर आणि गावातल्या नावावर उभी असते. व्हिडीओ कुठल्या आवृत्तीवर कापला, हे गिऱ्हाईक कधी विचारत नाही. तो ठरलेल्या दिवशी मिळाला का आणि त्यात आजीचा चेहरा नीट दिसतो का, एवढे मात्र ते नक्की पाहते. अपग्रेडचे बटण दाबण्याआधी या दोन प्रश्नांची उत्तरे त्याने सुधारणार आहेत का, हे तपासले तरी बराच खर्च आणि मनस्ताप वाचेल.